रेडिओवरचा सबनीस

खोकला दाबायला दिनानाथांनी उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला. पडद्यावर इन्स्पेक्टर सबनीस नुकताच खोकला होता आणि सारे थिएटर शिट्ट्यांनी दणाणले होते.

तो खोकला दिनानाथांचा होता. मुंबईच्या रेडिओवरच्या नभोनाट्यात सबनीसचे काम कित्येक वर्षे त्यांनीच केले. एकदा ऐन प्रक्षेपणात दम्याने गाठले, खोकला आवरेना. लेखकाला तो भारी आवडला. मग प्रत्येक खुनाचा उलगडा करण्याआधी सबनीस खोकू लागला. आता त्या नभोनाट्याचा सिनेमा झाला होता. सबनीस झाला होता भुरभुरत्या केसांचा एक नवा नट. त्याला म्हणे सध्या फार मागणी. सुरुवातीच्या नावांमध्ये दिनानाथांनी चष्मा पुसून आपले नाव शोधले. नव्हते. तरी ते बसून राहिले. एखाद्याला तरी तो जुना आवाज आठवत असेल, एवढीच आस. बायको गेल्यापासून पनवेलच्या आपल्या खोलीत त्यांचा आवाज त्यांनाही फारसा ऐकू येत नसे.

शेजारी ओवे गावची जनी बसली होती. भाजी विकून, रिकामी पाटी खुर्चीखाली सरकवून.

“पोरगा दिसतो ग्वाड,” ती आपणहूनच म्हणाली, “पन ह्यो गल्यातनं खोकतो. रेडिओवरचा छातीतनं खोकायचा. आमचा म्हातारा खोकायचा ना, तसा.”

“तुम्ही ऐकायचात?”

“हाटेलाच्या पायरीवर बसून. मेला आसंल आता बिचारा.”

‘मी’ हा शब्द दिनानाथांच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. त्यांनी उपरणे उगाच सारखे केले.

आता खुनी कळणार, आणि नेमका आवाज गेला. चित्र चालूच. सबनीसचे ओठ मुकाट हलत होते. लोक खुर्च्या बडवू लागले.

“ए मशीनवाल्या, झोपलास काय?”

“खुनी तुजा सासरा हाय काय रं, लपवतोस?”

त्या गलक्यात दिनानाथांचा खोकला सुटला तो थांबेना. थांबला तेव्हा थिएटर चिडीचूप झाले होते. आवाज आला, असे वाटून सगळे पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

जनी मात्र पडद्याकडे पाहत नव्हती.

“बोला की,” ती हळूच म्हणाली.

वाक्य त्यांना पाठच होते. त्यांनी डोळे मिटले.

“दार लावा, हवालदार. डॉक्टर, हात पुढे करा.”

पडद्यावर डॉक्टरने मान खाली घातली. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यातच मशीनचा आवाज परत आला. तो कोवळा, गोड आवाज.

खेळ सुटल्यावर दारात रेटारेटी चालली होती.

“मधीच आवाज कसा म्हाताऱ्यावानी झाला रे!”

“मशीन जुनं हाय. दुसरं काय!”

दिनानाथ भिंतीला लागून उभे राहिले. गर्दी ओसरली. जनी पाटी कमरेवर घेऊन त्यांच्यासमोर येऊन थांबली. तिने पाटीच्या तळाशी चाचपले.

“एसटी चुकंल माजी,” ती म्हणाली. “हात पुढं करा.”

त्यांनी केला. आल्याचा एक तुकडा तळव्यावर ठेवून ती भराभर स्टँडकडे निघून गेली.

पायऱ्या रिकाम्या झाल्या तरी दिनानाथांचा हात तसाच पुढे होता.