दिलगिरीचा मजकूर

बाबांना जाऊन महिना होत आला होता, तेव्हा बुद्धिबळ महासंघाच्या सचिवांचा फोन आला. वार्षिक सभेत संपादकांना मरणोत्तर सन्मानचिन्ह द्यायचं ठरलं आहे, वहिनींनी यावं, त्यांना जमत नसेल तर तुम्ही या, असं ते एका दमात म्हणाले. पाठीमागे कुणीतरी प्रिंटरच्या नावाने बोटं मोडत होतं.

आई म्हणाली, "तू जा. मला त्या माणसांसमोर रडायचं नाही, आणि न रडता तिथे बसवणार नाही."

म्हणून मी गेले. सभा बॅडमिंटन हॉलच्या वरच्या खोलीत होती. खालून फुलाचा फटफट आवाज येत होता. एका भिंतीला काचेचं कपाट, त्यात स्पर्धेची जुनी घड्याळं, सगळी वेगवेगळ्या वेळांवर थांबलेली. समोर पडदा आणि प्रोजेक्टर. खुर्च्यांवर वीसेक माणसं, बहुतेक बाबांच्या वयाची, बहुतेकांच्या शर्टाच्या खिशाला पेन. बाबांनी यांच्यासाठी तीस वर्षं मासिक काढलं. मजकूर गोळा करायचे, मुद्रितं तपासायचे, पत्ते चिकटवायचे. शेवटचं पान मात्र ते स्वतःसाठी ठेवत. त्या पानावर त्यांनी स्वतः रचलेलं एक कोडं असे: पटावर मोहरी मांडलेली, खाली एक ओळ, "पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात." उत्तर दोन अंकांनंतर. आधी नाही, कुणी घरी येऊन हात जोडले तरी नाही. "दोन महिने माणसाला त्रास झाला पाहिजे," ते म्हणत, "नाहीतर कोडं कशाला, बातमीच छापावी."

शेवटचं कोडं छापून आलं आणि पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

दारात सचिवांनी विषयपत्रिका हातात दिली. सचिव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बोलताना दर वाक्याच्या शेवटी "बरं का" म्हणणारे. "सत्कार शेवटी, चहाच्या आधी, बरं का." मी मागच्या रांगेत बसले आणि वाचलं. मुद्दा तीन, नवं संकेतस्थळ. मुद्दा चार, मासिक: (अ) छापील अंक पुढच्या अंकानंतर बंद करणे, (ब) कोड्याचे सदर बंद करणे, (क) गेल्या अंकातील सदोष कोड्याबद्दल वाचकांकडे दिलगिरी.

(क) मी दोनदा वाचलं. ज्या माणसाचा सत्कार चहाच्या आधी, त्याच्या चुकीची माफी सत्काराच्या आधी. क्रम कुणाच्याही डोळ्यांना खुपला नव्हता.

माझ्या शेजारी अर्धा गुण येऊन बसले. हे बाबांचे सगळ्यात जुने मित्र. आयुष्यभर जवळजवळ प्रत्येक डाव बरोबरीत सोडवला, आणि बरोबरीला अर्धा गुण मिळतो, म्हणून हे नाव पडलं, आणि ते त्यांनी कौतुक समजून लावून घेतलं. "आलीस का, पोरी," ते म्हणाले. "हे (क) वगैरे मनावर घेऊ नकोस. नुसती औपचारिकता आहे."

मुद्दा तीनवर दीड तास गेला. संकेतस्थळ अध्यक्षांच्या जावयाने केलं होतं. अध्यक्ष दंतवैद्य आहेत, आणि समोरच्याचं तोंड उघडं असतानाच प्रश्न विचारायची सवय त्यांची सुटलेली नाही; उत्तराची ते वाट बघत नाहीत. जावयाने पडद्यावर पहिलं पान दाखवलं. हनुवटीखाली हात घेतलेला एक तरुण पटाकडे बघतो आहे.

"पटाचा रंग राखाडी का?" एकाने विचारलं.

"आजकाल तोच चालतो," जावई म्हणाला.

"काळा तो काळा. राखाडीला काय अर्थ आहे?"

"हिरवा डोळ्यांना बरा."

यावर अर्धा तास. मग पदाधिकाऱ्यांचे फोटो पहिल्या पानावर असावेत की दुसऱ्या, यावर त्याहून जास्त. माजी उपाध्यक्षांचं म्हणणं होतं की माजींचेही असावेत. "माजींचे घेतले तर पान खाली खाली जात राहील," जावई म्हणाला. "जाऊ दे की," माजी उपाध्यक्ष म्हणाले, "आम्हीही गेलोच ना खाली." सगळे हसले. नव्या संकेतस्थळावर बुद्धिबळ कुठे असेल, हे दीड तासात कुणी विचारलं नाही.

छापील अंक बंद करायचा ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. कोड्याच्या सदराला तेवढीही लागली नाहीत. "कोडी म्हणजे रिकामटेकड्यांचं बुद्धिबळ," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "खऱ्या डावात अशी मोहरी येतात कधी?" मग त्याला माझी आठवण झाली असावी, कारण तो वळून म्हणाला, "म्हणजे संपादकांचं सोडा, ते थोर होते."

सचिवांनी घसा खाकरला आणि (क) चा मजकूर वाचला. "गेल्या अंकातील कोडे सदोष असून तीन चालींत मात होत नाही, असे संगणकीय तपासणीत आढळले आहे. तत्कालीन संपादकांची प्रकृती लक्षात घेता वाचक ही त्रुटी उदार मनाने पोटात घालतील अशी आशा आहे." पुढे ते म्हणाले, "मसुदा सगळ्या क्लबांना पाठवलाच आहे, बरं का. आज फक्त शिक्कामोर्तब."

मी हात वर केला. "तपासणी कुणी केली?"

"मी स्वतः," सचिव म्हणाले. "रात्रभर यंत्र चालू ठेवलं होतं."

"तुम्ही स्वतः सोडवून पाहिलंत?"

"यंत्र नाही म्हणतंय, तिथे मी काय पाहणार?"

अध्यक्ष माझ्याकडे बघून मऊ आवाजात म्हणाले, "असं होतं शेवटी शेवटी. औषधांचा परिणाम डोक्यावर होतोच. काय?"

"औषधं पोटाची होती," मी म्हणाले. "ते कोडं पडद्यावर लावता का?"

दवाखान्यात बाबांच्या उशाशी खिशात मावणारा चुंबकाचा पट असायचा. ते कोडं त्यांनी मला तिथेच दाखवलं होतं, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. हसलं की टाके दुखत, म्हणून पोटावर उशी दाबून हसत होते. "पहिली चाल कुणाला दिसणार नाही," ते म्हणाले. "कारण ती ते सगळे रोज खेळतात."

सचिवांनी लॅपटॉपवर मोहरी मांडली. मी पुढे गेले. पांढरा राजा आपल्या मूळच्या घरात, हत्ती कोपऱ्यात. मला खेळ बेताचाच येतो, पण हे मी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात डोळे मिटून पुन्हा पुन्हा खेळले होते.

"कॅसलिंग करा," मी म्हणाले. "राजा दोन घरं, आणि हत्ती त्याच्या पलीकडे."

सचिवांनी राजा ओढला. यंत्राने तो परत जागेवर नेऊन ठेवला. "घेत नाही, बरं का," ते म्हणाले. खोलीत थोडा हशा पिकला. सांत्वनाचं हसू होतं ते, त्यामुळे जास्तच लागलं.

"घेत नाही, कारण तुम्ही त्याला सांगितलं आहे की हा राजा आधीच हलून परत आला आहे." एकदा जागचा हललेल्या राजाला कॅसलिंगची मुभा नसते. पटाखाली दोन बारीक रिकाम्या चौकटी होत्या, एक पांढऱ्याच्या कॅसलिंगसाठी, एक काळ्याच्या. मी पांढऱ्याच्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे खूण केली नाही तर यंत्र तसंच धरून चालतं. कोड्यात उलटं असतं. राजा हलल्याचं सिद्ध होत नाही तोवर तो हललेला नाही. हे बाबा दर वर्षी पहिल्या अंकात छापत. तुम्ही अंक वाचत असाल असं मला वाटलं होतं."

जावयाने मुकाट्याने हात पुढे केला आणि चौकटीत खूण केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर आलं: तीन चालींत मात. रात्रभर चाललेलं यंत्र ते.

खाली कुणाचं तरी फूल जाळ्यात अडकलं असावं. फटफट थांबली होती. वीस माणसं पडद्याकडे बघत होती. यातले पंधरा जण तरी माझ्यापेक्षा दसपट चांगलं खेळतात. महिनाभर कोडं त्यांच्या घरी पडून होतं, आणि कुणी लाकडाचा पट काढून बसलं नव्हतं. यंत्र नाही म्हणालं आणि ते बरं झालं असंच त्यांना वाटलं असणार. एक काम वाचलं.

"हात्तिच्या," अर्धा गुण मागून हळूच म्हणाले.

"म्हणजे तांत्रिक बाब होती," अध्यक्ष म्हणाले. "चला, (क) निकाली. पुढे?"

"निकाली कसा? मसुदा सगळ्या क्लबांना गेलाय," मी म्हणाले. "शेवटच्या अंकात उत्तर छापा, आणि खाली लिहा, कोडं बरोबर होतं, महासंघाची तपासणी चुकली."

मग या लोकांमध्ये जीव आला. रंगांवर आणि फोटोंवर जे जमलं नव्हतं ते आता जमलं; बोलणारे सगळे एका बाजूला झाले.

"चुकली हा शब्द जरा कडक आहे."

"गफलत म्हणू."

"गफलतीत हेतू येतो."

"तपासणीत वेगळा निष्कर्ष निघाला होता, असं म्हटलं तर?"

"बाई, संस्थेची पण अब्रू असते," सचिव म्हणाले. या वेळी "बरं का" राहून गेलं.

"संस्थेची प्रकृती लक्षात घेता, असं लिहायचं का मग?" मी विचारलं.

माजी उपाध्यक्षांनी, अध्यक्षांशी त्यांचं काही जुनं असावं, माझी सूचना ठराव म्हणून मांडली आणि मतदान मागितलं. हात वर झाले. सचिवांनी मोजले, पुन्हा मोजले. माझ्या बाजूला नऊ, विरुद्ध नऊ. एक मत राहिलं होतं.

सगळ्यांनी अर्ध्या गुणांकडे पाहिलं. तीस वर्षं दर रविवारी हे आमच्या घरी बाबांशी खेळायला येत. आई त्यांच्या चहात साखर न विचारता घालायची. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"मी तटस्थ," ते म्हणाले.

अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत विरुद्ध टाकलं आणि ठराव पडला. शेवटी असं ठरलं की उत्तर छापायचं आणि खाली "कोडे बरोबर आहे" एवढं लिहायचं. चूक कुणाची होती, ते वाचकाने ओळखावं. कोडं महासंघाच्या संकेतस्थळावर उद्घाटनाला ठेवायचं, हेही त्याच दमात एकमताने मंजूर झालं. जे सदर त्यांनी तासाभरापूर्वी बंद केलं होतं, ते आता त्यांचं भूषण होतं.

मग सत्कार झाला. पितळी सन्मानचिन्हावर पट कोरलेला होता. अध्यक्ष बाबांच्या निष्ठेबद्दल बोलत होते तेवढ्या वेळात मी घरं मोजली. आठ गुणिले आठच्या जागी सात गुणिले सात. मी कुणाला सांगितलं नाही.

जिन्यात अर्ध्या गुणांनी मला गाठलं. "तुला माहीत आहे ना, पोरी, माझं मन तुझ्याच बाजूने होतं."

"मनं मोजत नाहीत, काका," मी म्हणाले. "हात मोजतात."

ते कठड्याला धरून उभे राहिले. मी खाली गेले.

अंक आला. शेवटच्या पानावर उत्तर होतं, खाली बारीक अक्षरात "कोडे बरोबर आहे." आईने चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे म्हणजे? चूक आहे असं कोण म्हणालं होतं?" मी तिला (क) बद्दल सांगितलेलं नव्हतं. सगळ्या क्लबांना ते माहीत होतं, तिला नव्हतं. मी म्हणाले, "कुणी नाही."

त्या संध्याकाळी संकेतस्थळही सुरू झालं. पट हिरवा होता. फोटो पहिल्या पानावर होते, माजींसकट. बरंच खाली गेल्यावर बाबांचं कोडं सापडलं, त्यांच्या नावाने, मोहरी अगदी जागच्या जागी. मी राजा दोन घरं ओढला. तो मागे सरकून आपल्या घरात जाऊन बसला, आणि वर लाल अक्षरं आली: चुकीची चाल. पुन्हा प्रयत्न करा.

ती चौकट पुन्हा रिकामीच राहिली होती.

"काय म्हणतंय?" आईने खांद्यावरून विचारलं.

"चुकीची चाल म्हणतंय."

"मग त्यांना फोन करून सांग."

"सांगून झालंय, आई. पडद्यावर करून दाखवलंय."

आईला खेळ येत नाही. लग्नानंतर बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला, तिने घोड्यापाशी सोडून दिलं. ती उठली आणि आतून लाकडी पट घेऊन आली. मी अंक उघडून मोहरी मांडली, राजा दोन घरं नेला, हत्ती उचलून पलीकडे ठेवला. मग काळ्याची चाल, आपली, काळ्याची, आणि मात.

"या पटावर घेतली की चाल," आई म्हणाली.

"घेतली."

मी मोहरी आवरायला लागले. तिने माझा हात धरला. "राहू दे. पहिल्यासारखी लाव, आणि तशीच राहू दे. रविवारी अर्धा गुण येईल त्याचा चहा प्यायला. बसू दे त्याला समोर."

मी राजा परत त्याच्या घरात ठेवला. हत्ती कोपऱ्यात.