गुणाबाईनंच सांगावं

“निस्तं रोगाचं नाव सांग. बाकी मी बघतो,” शिवप्पामामा म्हणाले.

रुद्राणीनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ जुनाच. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती समाजसेविका म्हणून नुकतीच लागली होती. मामा रोजगार हमीच्या रस्त्यावर मुकादम, आणि त्याच कामावर मजुरांना पाणी पाजणारी गुणाबाई रुद्राणीच्या दवाखान्यातली पेशंट. गुणाबाईच्या दंडावरचा चट्टा बायकांनी पाहिला होता. कुजबुज सुरू झाली होती.

“मामा, ते गुणाबाईचं आहे. माझ्याकडं तिनं नुसतं ठेवायला दिलंय.”

“समदं घर नको म्हनत व्हतं तवा तुला शिकायला मी घातलो. आन् मलाच न्हाई म्हनायलीस?”

मामा चहा न पिताच उठले. रुद्राणीला रडू आलं. मामा नसते तर तिला केव्हाच उजवून टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई गोळ्या न्यायला आली. कामावरची कुजबुज, मामांचं विचारणं, रुद्राणीनं तिला सगळं सांगितलं. लांबच्या एका आश्रमात जागा होती. भाकरीची सोय होती, हिणवणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांना तेच बरं वाटत होतं. खरं तर रुद्राणीलाही. पण ती थांबली.

“तुम्हाला काय करायचंय, गुणाबाई?”

गुणाबाई तिच्याकडं बघतच राहिली. लग्न ठरवताना, पुढं नवऱ्यानं टाकलं तेव्हा, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“गाव सोडत न्हाई मी. कामावर मीच सांगते. तुमी संगं या. पर बोलू नगा.”

जेवणाच्या सुट्टीत माणसं बाभळीखाली बसली होती. गुणाबाई उभी राहिली.

“महारोग हाय मला. गोळ्या चालू हायत. डॉक्टर म्हनले, आता माझ्यापासनं कुणाला व्हत न्हाई. ज्याला प्यायचं त्यानं प्या.”

रुद्राणीच्या ओठांवर कितीतरी शब्द आले. ते तिनं गिळले. दोघी-तिघी उठून लांब जाऊन बसल्या. बाकीचे मामांकडं बघू लागले.

“काम तिचंच ऱ्हाईल,” मामा म्हणाले. पाणी मात्र त्यांनी घेतलं नाही. जाता जाता ते भाचीपाशी थांबले. “तुला काय शिकायला घातलो व्हतो, ते आज समजलं बघ.”

गुणाबाई जवळ आली. “तुमी गप ऱ्हायलात, लई उपकार झाले.”

रुद्राणीनं नुसते हात जोडले.

मग गुणाबाईनं कळशी कमरेवर घेतली आणि टोकाच्या माणसापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढं थांबून ती विचारत होती, “पाणी?” कुणी ओंजळ पुढं करी, कुणी मान फिरवी. मान फिरवणाऱ्यापुढंही ती क्षणभर थांबे, आणि मगच पुढं सरके.