चिखलातली आठ चाकं

ह्या दोघांच्या घरात भांडण लागलं तर तोफाच निघतील, असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते. नवरा-बायको एकाच कारखान्यात चिलखती लढाऊ गाड्या बनवायचे. त्याची रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, तिची आठ चाकांची. सैन्य दोन्हींपैकी एकच घेणार होतं. रस्त्यावर तिच्या गाडीने त्याच्या गाडीला केव्हाच धूळ चारली होती. उरला होता चिखल. ओढायला दोरी न लावता चाचणीच्या खड्ड्यातून बाहेर आली की बाजी तिची. दोरी लागली की इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

आणि रुतली की हो गाडी, भर खड्ड्यात! चाकं गरगर फिरताहेत, पण जागची हलायचं नाव नाही.

चिखलात टायरमधली हवा कमी केली की ते पसरतात आणि पकड घेतात. त्यासाठी चालकाच्या हाताशी बटण होतं. ते दाबून दाबून बिचारा रडकुंडीला आला. "ताई, हवाच सुटत नाही!"

काठावर नवरा दोरी घेऊन हजर. "लावू का, बाईसाहेब?"

"हात तर लावून बघा!" ती ठसक्यात म्हणाली.

"चाकं थांबव रे!" चालकाला ओरडून तिने खाली उडी मारली. गुडघाभर चिखल. चाकाच्या मधोमध हात फिरवला आणि कपाळच बडवून घेतलं. रंग! सैन्याचे मोठे साहेब येणार म्हणून काल तिनेच हौसेने गाडी रंगवून घेतली होती, आणि हवा सुटायची बारीक भोकं त्या रंगाने बंद झाली होती.

"नवरीला नटवलं आणि नाकच बुजवलं की मी!"

खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तिने एकेक भोक खरवडलं. फुस्स! टायर चपटे होत गेले. "आता सावकाश घे," ती म्हणाली. गाडी गुरगुरली, डुलली, आणि एकदम उसळून काठावर चढली. मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे होकार दिला. ती चिखलातच उभी राहून हसत होती, रडतही होती.

काठावर मात्र सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होता तिचा नवरा.

"साहेब, अहो, आपली गाडी बाद झाली!" त्याचा फोरमन कळवळून म्हणाला.

"झाली ना! आणि बघितलंस, कशी बाद केली माझ्या बायकोने?"