आढाव सरांचा बाक

मोहन्याच्या आमच्या चर्चमध्ये पुढे डावीकडे एक बाक आहे. बाकीचे सगळे बाक वेदीकडे तोंड करून, हा एकटा मंडळीकडे. उपासनेत मोबाईल वाजला, उशीर झाला, उपदेश चालू असताना कुजबुज केली, की त्या बाकावर येऊन सगळ्यांना तोंड दाखवत बसायचं. हा शोध आमच्या ह्यांचा. शमुवेल आढाव, गणिताचे निवृत्त मास्तर, मंडळीचे मुख्य पंच आणि माझं नशीब. पाळकसाहेबांच्या मिसेससुद्धा त्या बाकावर बसून आल्यात, कारण त्यांच्या पर्समधून एक बाई मोठ्याने ढोकळ्याची रेसिपी सांगायला लागली होती. तबलजी हितेश तर उशीर झाला की कुणाला न विचारता तबला घेऊन सरळ तिथेच बसतो.

"अहो, थोडी दया?" मी म्हणायचे.

"दया पाळकांकडे. माझ्याकडे न्याय." असं म्हणून हे चहात बिस्किट बुडवायचे. बिस्किट तुटून कपात पडलं की दोष चहाचा.

तर यंदाचा कापणीचा सण. आता आम्ही फ्लॅटवाले कसली कापणी करणार? भोपळा मंडईतून आणायचा आणि भक्तिभावाने वेदीसमोर ठेवायचा. उपासना झाली की सगळं मागच्या अंगणात शिजतं आणि मंडळी पंगतीला बसते. ह्यांचा नियम एकच: वेदीपुढे ठेवलेलं परत जात नाही. मागच्या वर्षी एकाने नारळासोबत चुकून घराची किल्ली ठेवली, तर ती मिळवायला त्याला पंचांची बैठक भरेपर्यंत थांबावं लागलं.

आंबिवलीच्या शालनमावशी काखेत कोंबडा घेऊन आल्या. गुडघा बरा झाला तर कोंबडा देईन, असा त्यांनी नवस बोलला होता. गुडघा बरा झाला. पण तोवर पिल्लाचा कोंबडा झाला, त्याचं नाव राजा पडलं, तो मावशींच्या खाटेच्या पायथ्याशी झोपायला लागला आणि त्यांच्यासोबत सिरियल बघायला लागला. एकट्या बाईच्या खोलीत बोलायला दुसरं होतं कोण? मावशींनी त्याला वेदीपुढे ठेवलं, दोरी टेबलाच्या पायाला बांधली आणि दोन पावलं जाऊन परत आल्या.

"सर, ह्याच्या बदल्यात दोन बॉयलर आणून दिले तं चालंल का?"

"मावशी, ठेवलेलं परत जात नाही."

मावशी जागेवर गेल्या. पदर तोंडाला लावून बसल्या. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. "माणूस आहात की फूटपट्टी?" मी ह्यांच्या कानात म्हटलं. हे म्हणाले, "कुजबुज करू नकोस, बाकावर बसावं लागेल."

उपासना सुरू झाली. राजाने आधी कुणाची तरी बाजरी खाल्ली, मग आमच्या भोपळ्यावर चोच मारून बघितली. पण गीत सुरू झालं आणि मावशींचा चिरका आवाज लागला, तसा तो दोरी ताणून त्यांच्याकडे बघायला लागला. गीत थांबलं की खाली बसायचा, मावशी गायल्या की पुन्हा उभा. पंचांच्या खुर्चीवरून हे सगळं बघत होते. मीही ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचा चष्मा दोनदा पुसून झाला.

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले. "आमेन" म्हणून उघडतो, तर टेबलाच्या पायाला नुसती दोरी.

अंगणात पंगतीच्या स्वयंपाकाचं आधण ठेवून आलेली कृतिका दारातूनच ओरडली, "अरे, कोंबडा कुठे गेला? सर, तुम्ही तर समोरच होता ना, पाहिलात?"

"कोंबडा? मी नाही पाहिला," हे म्हणाले. ह्यांच्या कोटाच्या कॉलरवर एक तांबडं पीस होतं. मी जीभ चावली.

पाळकसाहेब वेदीमागून वाकून बघत म्हणाले, "आढाव सर, तुम्हाला काही कल्पना?"

"मला काय विचारता? मी काय कोंबड्यांचा राखणदार आहे?"

तेवढ्यात मावशी उठून आल्या. चेहरा पांढराफटक. "सर, कापला का हो माझ्या राजाला?"

ह्यांनी मावशींकडे पाहिलं, मग सुरी घेतलेल्या कृतिकाकडे. "मावशी," घाम पुसत हे म्हणाले, "मी त्या कोंबड्याला ओळखतसुद्धा नाही."

आणि कोंबडा आरवला.

तोही असातसा नाही. उपदेशाच्या लाकडी पुलपिटाखाली गाण्यांची पुस्तकं ठेवायचं कपाट आहे, त्यातून आरवला. वरचा माईक पाळकसाहेब नेहमीप्रमाणे बंद करायला विसरलेले. कुकूचकू मोहन्याच्या नाक्यापर्यंत गेलं असणार.

ज्या रात्री प्रभूला धरून नेलं, त्या रात्री पेत्राने तीनदा ओळख नाकारली आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट आमच्यात दुधाच्या दातांच्या पोरालाही पाठ असते. सगळ्यांच्या माना कपाटाकडून ह्यांच्याकडे वळल्या. मग हितेशने तबल्यावर हळूच एक थाप मारली आणि सगळी मंडळी हसत सुटली. पाळकसाहेब पुस्तकाआड तोंड लपवून हलत होते. मी तर बाक धरून हसले.

हे हसले नाहीत. कॉलरवरचं पीस काढून खिशात ठेवलं, ताठ चालत गेले आणि आपल्याच बाकावर, सगळ्यांकडे तोंड करून बसले. "नियम म्हणजे नियम," म्हणाले. "खोटं बोललो. पण ठेवलेलं परत जात नाही, याचं काय करायचं ते पाळकसाहेबांनी बघावं."

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "परत कोण मागतंय? कोंबडा प्रभूचाच. पण प्रभूचा कोंबडा सांभाळायला कुणीतरी हवं. शालनमावशी, सांभाळाल? दर रविवारी हजेरीला मात्र आणायचा."

मावशींनी कपाट उघडून राजाला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडल्या. कृतिकाने सुरी भोपळ्याकडे वळवली.

पंगत बसली तरी हे बाकावरून उठेनात. शिक्षा पुरी व्हायची होती म्हणे. मावशी कोंबड्यासकट आल्या आणि ह्यांच्या शेजारी बसल्या.

"मावशी, तुम्हाला नाही हो शिक्षा."

"ठाऊक हाय. तुम्ही एकले बसले व्हते ना."

ह्यांनी सरकून दोघांना नीट जागा करून दिली. उभ्या जन्मात पहिल्यांदा. माझ्या नवऱ्याचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. मी तिघांच्या पत्रावळी घेऊन गेले आणि दुसऱ्या बाजूला बसले. जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा मावशींनी राजाला उचलून, ओळख नसलेल्या आढाव सरांच्या मांडीवर ठेवलं.