पिवळी मुळी आणि लग्नाची सकाळ

१९९४ सालच्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी ग्लासगोच्या रजिस्ट्री ऑफिसात उल्काचं लग्न होतं, आणि त्याच दिवशी सकाळी ती युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत डोक्याला हात लावून बसली होती.

गेली काही वर्षं ती एका चिनी मुळीच्या मागे लागली होती. चीनमधले वैद्य ही मुळी पिढ्यान् पिढ्या पोटाच्या दुखण्यांवर देत आलेले. तिच्यातला पिवळाधमक, कडूजहर घटक वेगळा काढून उल्काने आणि तिची बीजिंगची सहकारी मेई हिने तो आतड्याला सूज आणलेल्या उंदरांना दिला होता. आता त्या आतड्यांच्या पातळ चकत्या स्लाइड्सवर तयार होत्या. पण तपासणारे डॉक्टर फ्लूने आडवे झाले, आणि तिचे प्रोफेसर तर उद्याच निकाल घेऊन परिषदेला निघणार होते.

“आता पॅथॉलॉजिस्ट कुठून आणू?” उल्का रडकुंडीला आली.

“तुझा नवरा काय काम करतो?” मेईने शांतपणे विचारलं.

“अजून नवरा झाला नाहीये तो!”

“मग उलट बरं. अजून तुझं ऐकेल.”

नवरदेव उदय पॅथॉलॉजिस्टच होता; फोन केल्यावर तो लग्नाच्या सुटातच हजर झाला. मागोमाग वॉटफर्डहून आलेली त्याची आई, यमुनाताई. मुलगा आज एकटा कुठे निघाला, हे त्यांना पाहायचंच होतं.

उदयला कॉलेजपासून कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या सुजेचा आजार होता. ओळख झाल्यावर पहिल्याच भेटीत त्याने ते सांगून टाकलं होतं. मुलगी आता उठून जाणार, असं त्याला वाटलं. पण उल्काने इतके प्रश्न विचारले की दोघांचाही चहा थंडगार झाला.

मेईने स्लाइड्स उलटसुलट लावल्या. कोणती कुठल्या उंदराची, ते फक्त तिलाच ठाऊक. उदय मायक्रोस्कोपवर वाकला.

“ही वाईट आहे. सगळीकडे जखमा.” दुसरी. “हीसुद्धा.” तिसरीला तो थांबला. “ही बरीच शांत दिसतेय गं.”

उदयच्या स्वतःच्या पोटात जे चाललंय, तेच तो काचेवर पाहतोय, हे उल्काला एकदम जाणवलं. उदयचा आवाज मात्र कामातला, पक्का होता.

शेवटची स्लाइड संपल्यावर तिने मेईकडे पाहिलं. मेईने हिशेब जुळवला आणि टाळ्याच पिटायला लागली. उदयने शांत म्हटलेल्या जवळजवळ सगळ्या स्लाइड्स औषध दिलेल्या उंदरांच्या होत्या! उल्काने आधी मेईला मिठी मारली, मग उदयला, आणि शेवटी, भीत भीत, होणाऱ्या सासूबाईंना.

“अगं, मग उकळून दे की याला थोडं,” यमुनाताई म्हणाल्या.

“नाही हो आई. उंदराला चाललं म्हणजे माणसाला चालेलच असं नाही. अजून खूप वर्षं लागतील, आणि कदाचित काही हाती लागणारही नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. उदय हसत म्हणाला, “आई, सध्या माझ्या गोळ्या छान चालल्यात. आणि ही आता घरचीच होतेय, वाट बघू की.”

यमुनाताईंनी उल्काकडे नीट पाहिलं. मग त्यांची नजर तिच्या हातांवर गेली. ते मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

“हळद कुणी लावली तुला?”

“हा मुळीचा रंग आहे. साबणाने निघत नाही.”

“नको काढूस!” त्या खळखळून हसल्या. “मी हळद वॉटफर्डलाच विसरले होते. सकाळपासून जिवाला घोर लागला होता माझ्या.”

मेईने मुळी भिजवलेल्या भांड्याच्या तळाशी उरलेल्या पिवळ्या पाण्यात बोट बुडवलं आणि उदयच्या गालावर ठिपका काढला. सगळे टॅक्सीकडे पळाले. उशीर झाला होता, ड्रायव्हर वैतागला होता, आणि मागच्या सीटवर मेईच्या मांडीवर बसून यमुनाताई मोठमोठ्याने मंगलाष्टकं म्हणत होत्या.