अठ्ठेचाळीस किलो

धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग निघाला. त्यावरची गोळी 'अ' जीवनसत्त्वापासून बनवतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

"म्हणजे गाजर?" धाकटी म्हणाली. "गाजरानं रोग पळत असता तर ससे मेलेच नसते."

"गाजर नव्हे, गाजराच्या नात्यातलं." डॉक्टरीणबाई हसल्या. मी कपडे शिवते हे कळल्यावर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. तिच्या रक्तपेशींत दोन ठिकाणची जनुकं तुटून भलतीच एकमेकांना शिवली गेलीत. त्या जोडातून तयार होणारं प्रथिन बाकीच्या जनुकांना दाबून बसतं. म्हणून पांढऱ्या पेशी वयात येतच नाहीत, अर्धवट राहून नुसत्या वाढत सुटतात. गोळी त्या प्रथिनाची पकड सोडवते. "आम्ही पेशींना मारत नाही, मोठं करतो."

मला ते फार आवडलं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"सगळ्या एकदम मोठ्या झाल्या की दंगा करतात. फुप्फुसांत शिरतात, अंगात पाणी साठतं. म्हणून रोज सकाळी वजन करा. वाढलं तर लगेच सांगा. इंजेक्शन देऊ, गरज पडली तर गोळी थोडे दिवस थांबवू."

वॉर्डात खाटा सव्वीस, नर्स दोन. त्यामुळे वजन नातेवाइकांनीच करायचं आणि खाटेला लावलेल्या कागदावर लिहायचं.

चौथ्या दिवशी हिरड्यांतलं रक्त थांबलं. धाकटीनं उशीचा कोरा अभ्रा मला उलटसुलट करून दाखवला, पहिला नंबर आल्यासारखा. सहाव्या दिवशी काटा अठ्ठेचाळीसवरून साडेएकोणपन्नासवर गेला.

"ताई, अठ्ठेचाळीसच लिही."

"का गं?"

"गोळी बंद करतील."

"थोडेच दिवस म्हणाल्यात त्या."

"माझ्याकडे थोडे दिवस तरी आहेत का? गावभरच्या बायकांच्या कमरा बारीक करतेस, आणि बहिणीचं दीड किलो जड होतं तुला?"

खोटं नव्हतं ते. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला कमरेचं माप दोन इंच कमी सांगत आलेय आणि वहीत खरं लिहीत आलेय. कपडा नीट बसतो, बाई खुशीत घरी जाते. कुणाचं काही बिघडलं नाही आजवर. मी कागदावर अठ्ठेचाळीस लिहिलं आणि खरा आकडा मनात ठेवला. जणू माझ्या मनात बघून कुणी उपचार करणार होतं.

सातव्या दिवशी एकावन्न. आठव्या दिवशी साडेबावन्न. कागदावर अठ्ठेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. घोटे सुजले तशी तिनं चादर पायांवर ओढून घेतली.

"वजन स्थिर आहे, छान," डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या. धाकटी माझ्याकडे बघून डोळा मारायला गेली आणि तिला खोकला आला. बराच वेळ थांबला नाही.

नवव्या दिवशी सकाळी तिला आडवं होता येईना. खाटेच्या कडेला बसून ती हवा घोटाघोटानं पीत होती. मी नर्सला बोलावलं. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली. डॉक्टरीणबाईंनी आधी कागद बघितला, मग तिचे पाय.

"हे आकडे खरे आहेत?"

धाकटी मला मानेनं नको नको म्हणत होती. मी तिन्ही दिवसांचे आकडे सांगितले.

त्या ओरडल्या नाहीत. सुईत औषध भरता भरता "तीन दिवस" एवढंच म्हणाल्या.

श्वासाच्या यंत्रावर ती अडीच दिवस होती. मधल्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. पेशी वयात येऊ लागल्या होत्या, गोळी लागू पडली होती. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

ती गेली त्या दुपारी तिचा नवरा बाहेरच्या बाकावर तोच कागद मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी तक्रारीचा अर्ज, अर्धा लिहिलेला. खरे आकडे त्याला अजून कुणी सांगितले नव्हते, मीही नाही.

"ताई, औषध लागू पडलं होतं म्हणतात. वजनही वाढलेलं नाही. मग माणूस असा जातो का? त्या दोन नर्सनीच काहीतरी दडपलंय. मी सोडणार नाही त्यांना."

त्यातली एक नर्स दारात उभी होती. तिला ऐकू गेलं असावं.

मी अर्जावर हात ठेवला. "थांबा," मी म्हणाले. "कागदावरचं अक्षर बघा. ते माझं आहे."