एकीला उकळलं, एकीला कुरवाळलं

मी परसातली हॉप्सची वेल बोलतेय. हो, जिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा आणि वास येतो, तीच. आणि आज माझा अगदी संताप झालाय.

वहिनीनं मला बोटभर मुळीपासून लावलं, भट्टीच्या खिडकीशी दोरी बांधून दिली. त्या दोरीनं मी छपरापर्यंत चढले. खिडकीतून आतलं सगळं दिसतं. दुसऱ्याच्या घरात डोकावू नये म्हणतात, पण मला लावलीच तिथे, त्याला मी काय करू?

या घरातले दोघे भाऊ बिअर बनवतात. दरवर्षी माझी फुलं जवाच्या गोड पाण्यात पहिल्या उकळीला पडतात नि शेवटपर्यंत रटरटतात. वास उडून जातो, कडूपणा तेवढा उरतो. मी कधी तक्रार केली नाही.

यंदा धाकट्यानं नव्या जातीच्या हॉप्सचं पाकीट आणलं. "दादा, होऊन जाऊ दे तुलना! वेल हरली तर उपटू, तिच्या जागी ही जात लावू."

वहिनी माहेरी गेलेली. दोन पातेली चढली. मला सवयीप्रमाणे पहिल्या उकळीलाच ढकललं. पाकिटातल्या बाईसाहेब मात्र गॅस बंद केल्यावर अलगद उतरल्या! पाकिटावर तसं लिहिलं होतं म्हणे.

बिअर तयार झाली. धाकट्यानं नवीचा पेला हुंगला. "अहाहा! संत्र्याची साल सोलल्यासारखा वास!"

माझा घोट घेऊन थोरल्यानं तोंड वाकडं केलं. "ही नुसतीच कडू. काढ बाबा."

एकीला तासभर शिजवायचं, दुसरीला नुसतं न्हाऊ घालायचं, आणि वर विचारायचं, सुगंध कुणाचा जास्त? हा कुठला न्याय?

धाकटा कुदळ घेऊन आला, तेवढ्यात वहिनी परतली.

"थांबा भाऊजी! हिला कधी टाकलंत?"

"पहिल्या उकळीला. नेहमीसारखं."

"आणि नवीला?"

"गॅस बंद केल्यावर," म्हणत धाकट्यानं कुदळ भिंतीला टेकवली.

"वा! एकीला आगीत, एकीला पालखीत! हिची मी वाळवलेली फुलं आहेत अजून. पुन्हा करा. दोघींना एकाच वेळी टाका."

आता दोन पिंपं शेजारी शेजारी आंबताहेत. थंडी पडलीय. मी वरून वाळलेय, खाली मूळ जिवंत आहे. हरले तर खुशाल खणा मला, हूं की चूं करणार नाही. पण बाबांनो, हिला वासच नाही असं म्हणण्याआधी माझं एक फूल तळहातावर चोळून तरी बघा. इतक्या वर्षांत वहिनीखेरीज कुणी बघितलेलं नाही.